रंगाला डबी किती लागते?

लिपस्टिकच्या एका नळीत रंग असतो साधारण साडेतीन ग्रॅम. तो रंग नीट धरता यावा, फिरवला की वर यावा आणि पर्समध्ये कुठे लागू नये, म्हणून त्याच्याभोवती जे उभं केलेलं असतं त्याचं वजन मात्र रंगाच्या कितीतरी पट भरतं. नळी सुटी करून पाहिली की हे कळतं. खालचा तळ, त्याच्या आत मळसूत्री खाच असलेली नळी, कांडी जिच्यात रोवलेली असते ती इवलीशी वाटी, वरून चकचकीत कवच, टोपण आणि टोपणाच्या आतलं वेगळं अस्तर. यातले दोन भागही एका जातीच्या प्लास्टिकचे असतीलच असं नाही. फिरवताना हाताला मऊ लागावं म्हणून मध्ये थोडं ग्रीस घातलेलं असतं. काही नळ्यांच्या तळाशी तर धातूचा एक तुकडा केवळ वजनासाठी बसवतात, कारण हातात जड लागणारी वस्तू चांगली वाटते.

फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकचं पेटंट अमेरिकेत जेम्स ब्रूस मेसन ज्युनिअर यांनी १९२३ साली घेतलं. म्हणजे ही यंत्रणा जेमतेम शंभर वर्षांची. ओठ रंगवण्याची हौस तिच्याहून कितीतरी जुनी आहे, आणि त्याआधी बराच काळ तो रंग डबीत, कागदात, कापडाच्या पुडीत सुखाने राहत होता. हे लक्षात ठेवलं तर शोध सोपा होतो. नळी ही रंगाची गरज नाही, ती वापरण्याची एक सोय आहे.

कमी प्लास्टिकचा मेकअप शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा डबीपासून सुरुवात करतो. बांबूची आहे का, कागदाची आहे का, काचेची आहे का. मला ही सुरुवातच उलटी वाटते. आधी बघावं ते आतला रंग कोणत्या रूपात आहे ते: कोरडी भुकटी, मेणात बांधलेला, की पाण्यात मिसळलेला. डबी कशी असणार हे बऱ्याच अंशी तिथेच ठरून गेलेलं असतं.

पाण्याचंच घ्या. लिक्विड फाउंडेशनच्या घटकांच्या यादीत पाण्याचं नाव बहुधा पहिलं असतं. पाणी आलं की जिवाणू आणि बुरशी येऊ शकतात, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. पाणी उडून जातं, म्हणून हवाबंद बाटली लागते. पातळ पदार्थ ओघळतो, म्हणून तोंडाशी रबरी किंवा प्लास्टिकची कडी लागते. बोट आत गेलं की जंतू आत जातात, म्हणून पंप लागतो. आणि पंप म्हणजे प्लास्टिकची दांडी, स्प्रिंग, छोटी गोळी, खाली पोचणारी नळी. एवढं करूनही शेवटचा थर बाटलीच्या भिंतींना चिकटून राहतो आणि तसाच कचऱ्यात जातो. याउलट दाबून बसवलेल्या पावडरीला पत्र्याची एक उथळ थाळी पुरते. मेणात बांधलेल्या रंगाला जाड कागदाची नळी किंवा टिनची डबी पुरते. पाणी काढून घेतलं की निम्मं पॅकिंग आपोआप अनावश्यक होतं. बांबूच्या टोपणाची पातळ फाउंडेशनची बाटली आणि पत्र्याच्या डबीतली साधी पावडर यांत मी डोळे मिटून पावडर निवडेन.

आता रिकाम्या डब्यांचं काय होतं ते पाहू, कारण ‘ही रिसायकल होते’ या शब्दांवर बराच विश्वास टाकला जातो. कचरा वर्गीकरणाच्या केंद्रात सुरुवातीला चाळण्या आणि फिरते रोलर असतात. साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू त्यांच्या फटींतून खाली पडते आणि काच-माती-कचकड्यात मिसळून जाते. लिपस्टिकची वाटी, आयशॅडोची डबी, मस्काराचं टोपण ही सगळी याच मापातली. पुढे प्लास्टिकच्या जाती ओळखायला अवरक्त किरणांचा सेन्सर असतो. काळ्या प्लास्टिकला रंग देण्यासाठी वापरलेली काजळी हे किरण शोषून घेते, त्यामुळे काळी डबी सेन्सरला दिसतच नाही. मेकअपच्या डब्या काळ्या किती असतात ते आठवून पाहा. त्यातून सुटलंच काही, तर डबीच्या झाकणात आरसा चिकटवलेला, तळात थाळी डिंकाने बसवलेली, बिजागरीत लोखंडी खिळा, मिटण्यासाठी चुंबक. एवढ्या जाती हाताने कोण वेगळ्या करणार?

तळावरच्या त्रिकोणातला आकडा मात्र जरूर वाचावा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे तीन तुलनेने जास्त ठिकाणी गोळा केले जातात. ७ म्हणजे ‘इतर’. मेकअपच्या चकचकीत डब्यांत वापरलं जाणारं एबीएस किंवा ॲक्रिलिक याच खान्यात पडतं, आणि या खान्यातल्या वस्तूला सहसा कुणी वाली नसतो. प्लास्टिक घ्यावंच लागलं तर एकाच जातीचं, पारदर्शक किंवा पांढरं, आणि आरसा-चुंबक नसलेलं घ्यावं.

डबीपेक्षाही कमी बोललं जातं ते डबीच्या आतल्या प्लास्टिकबद्दल. घटकांची यादी वाचायची एक रीत आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने, आणि रंगद्रव्यं अगदी शेवटी ‘सीआय’ आणि पाच आकड्यांनी. या यादीत पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-१२, नायलॉन-६, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट ही नावं शोधावीत. हे घन प्लास्टिकचे कण. पावडर बोटांवर रेशमासारखी सरकते तेव्हा पुष्कळदा ती करामत नायलॉनच्या गोल कणांची असते. ‘सॉफ्ट फोकस’ म्हणून त्वचेवरच्या रेषा पुसट दाखवणारे गोळे बहुधा मेथाक्रिलेटचे असतात. लिपस्टिकची कांडी ताठ राहावी म्हणून पॉलिएथिलीनचं मेण घालतात. चमकी म्हणजे तर पेटची झिरझिरीत फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, आणि मग तिचे षटकोनी बारीक तुकडे. चेहरा धुतला की हे सगळं पाण्याबरोबर वाहून जातं. तिथून ते परत गोळा करण्याचा कोणताही व्यवहार्य मार्ग नाही, म्हणून मला डबीपेक्षा याची चिंता जास्त वाटते.

दुसरा गट पाण्यात किंवा तेलात विरघळणाऱ्या, नाहीतर पातळ पापुद्रा धरणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातल्या पदार्थांचा. ॲक्रिलेट्स कोपॉलिमर, कार्बोमर, पीव्हीपी ही त्यातली नेहमीची नावं. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘लाँग स्टे’ या शब्दांमागे बहुधा हेच असतात. शेवटी ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ येणारी नावं सिलिकोनची. हे सगळे एकाच मापाने तोलू नयेत. कणांच्या रूपातलं नायलॉन आणि जेल घट्ट करणारं चिमूटभर कार्बोमर यांत फरक आहे. शून्यावरच अडून बसलं तर माणूस थकतो आणि प्रयत्नच सोडून देतो. आधी घन कणांची यादी टाळावी. तेवढं साधलं तरी मोठा पल्ला गाठला.

कायदे या दिशेने सरकत आहेत, पण मेकअपच्या बाबतीत अगदी सावकाश. अमेरिकेने धुऊन टाकायच्या उत्पादनांतल्या मायक्रोबीड्सविरुद्धचा, म्हणजे प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांविरुद्धचा कायदा २०१५ साली केला. युरोपीय संघाचा जास्त व्यापक नियम ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्याने सुटी प्लास्टिकची चमकी आणि मायक्रोबीड्स लगेच थांबवले. धुऊन टाकायच्या इतर उत्पादनांना २०२७ पर्यंत आणि त्वचेवर ठेवायच्या क्रीम-लोशनना २०२९ पर्यंत मुदत दिली. लिपस्टिक, नेलपॉलिश आणि एकूण मेकअपला मात्र थेट २०३५ पर्यंत. फक्त २०३१ पासून त्यात सूक्ष्म प्लास्टिक असल्याचं वेष्टनावर लिहावं लागेल. म्हणजे अजून बरीच वर्षं ही यादी आपली आपणच वाचायची आहे. नेदरलँड्समधल्या प्लास्टिक सूप फाउंडेशनचं ‘झिरो प्लास्टिक इनसाइड’ हे चिन्ह या कामी उपयोगाचं आहे, कारण ते आतल्या घटकांबद्दल बोलतं. ‘नॅचरल’, ‘क्लीन’, ‘ग्रीन’ हे शब्द त्या अर्थाने काहीच सांगत नाहीत.

चमकीला पर्याय म्हणून अभ्रक येतं, यादीत सीआय ७७०१९. ते खनिज आहे, प्लास्टिक नाही. पण झारखंडात आणि मादागास्करमध्ये अभ्रकाच्या खाणींत लहान मुलं राबतात हे वारंवार उघड झालेलं आहे. त्यामुळे अभ्रक कुठून येतं हे सांगणाऱ्या उत्पादकाकडूनच ते घ्यावं. नाहीतर कृत्रिम अभ्रक, म्हणजे सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट, निवडावं. ते बनवायला प्रचंड उष्णता लागते, पण त्यात मुलांचे हात नाहीत. ‘विघटनशील चमकी’ म्हणून विकली जाणारी बरीच चमकी आतून सेल्युलोजची असली तरी तिच्यावर मुलामा आणि पॉलिमरचा लेप असू शकतो. मला विचाराल तर साधी अभ्रकाची झाक पुरे आहे, सुटी चमकी नकोच.

एकेक वस्तू घेऊन पाहू. पावडर, ब्लश आणि आयशॅडो यांत सुधारणा सर्वांत सोपी आहे. दाबलेल्या रंगाच्या सुट्या थाळ्या मिळतात. आयशॅडोची गोल थाळी बहुतेक वेळा २६ मिलिमीटरची असते, ब्लशची ३६-३७ मिलिमीटरची. चुंबकाचा तळ असलेला एक पत्र्याचा डबा घेतला की रंग संपेल तशी फक्त थाळी बदलायची. घेण्याआधी थाळी कशाची आहे ते विचारावं, कारण चुंबक लोखंडी पत्र्यालाच धरतो. ॲल्युमिनियमची थाळी त्यात नुसती खुळखुळते आणि दोन दिवसांत फुटते. तिच्या पाठीला लोखंडी पत्र्याची पातळ चकती चिकटवली की काम होतं.

फुटलेली पावडर टाकून देऊ नये. सगळे तुकडे त्याच थाळीत बारीक करावेत, गुठळी राहू देऊ नये. सत्तर ते नव्वद टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून ओल्या वाळूइतपत मळावं, वर स्वच्छ सुती कापड ठेवून सपाट वस्तूने दाबावं, कापडाने ओल शोषून घ्यावी आणि थाळी उघडी ठेवून चोवीस तास वाळू द्यावी. अल्कोहोल जास्त झालं तर वाळताना भेगा पडतात. पाणी वापरलं तर बुरशी येते. काही वेळा पावडरीवर कडक, चकाकणारा थर येतो आणि ब्रशला रंगच लागत नाही. पावडर खराब झाली असं समजून ती फेकली जाते, पण तो चेहऱ्यावरचा तेलकटपणा पफमधून उतरून बसलेला असतो. कोरड्या, ताठ ब्रशने किंवा चाकूच्या पाठीने तो थर हलकेच खरवडला की खाली रंग जसाच्या तसा असतो. पफ आठवड्याला धुतला तर थर येतच नाही.

ओठांसाठी आणि गालांसाठी मेणात बांधलेला रंग हा माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय आहे. टिनची डबी, बोट हाच ब्रश, आणि एकच रंग दोन्हीकडे चालतो. कागदी नळीही चांगली, पण तिचे स्वभाव माहीत हवेत. तिच्यात खालून बोटाने ढकलायचं असतं. जोराने ढकललं की रंग तिरका होऊन अडकतो, म्हणून तळाच्या कडेकडेने थोडंथोडं ढकलावं. हलक्या तेलांचं प्रमाण जास्त असलं तर कागदावर तेलाचे डाग उमटतात. आणि कागद नुसता कागदच आहे का ते पाहायला संपलेली नळी अर्धा तास पाण्यात भिजवून फाडावी. आतून पारदर्शक पापुद्रा सुटून आला तर ते प्लास्टिकचं अस्तर.

डोळ्यांची आणि ओठांची पेन्सिल घेताना लाकडाचीच घ्यावी. पण लाकडासारखी दिसणारी, टोकयंत्रात घालून तासता येणारी प्लास्टिकची पेन्सिलही असते. तासल्यावर पडणारं साल पाहावं: लाकडाचं साल ठिसूळ असतं आणि त्यात रेषा दिसतात, प्लास्टिकचं साल एकसंध राहतं आणि वाकवलं तरी मोडत नाही. मऊ टोक तासताना सारखं तुटत असेल तर पेन्सिल दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग तासावी. रंग कमी वाया जातो आणि टोक नीट निघतं.

मस्कारा अवघड. नळी एका प्लास्टिकची, तोंडाशी जादा रंग पुसून घेणारी मऊ कडी दुसऱ्या पदार्थाची, ब्रशमध्ये पिळलेली पोलादी तार आणि नायलॉनचे केस. आतला पदार्थ बहुधा पाण्याचा, आणि ब्रश प्रत्येक वेळी डोळ्याला लागून परत आत जाणारा. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तो टाकावाच लागतो. इथे काटकसर करू नये. सुकलेल्या मस्कारात पाणी किंवा लाळ घालून तो पातळ करणं म्हणजे डोळ्यांच्या संसर्गाला बोलावणं. पर्याय आहे तो वडीच्या मस्काराचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मस्कारा असाच मिळायचा: पत्र्याच्या डबीत दाबलेली काळी वडी आणि एक छोटा ब्रश. ब्रश स्वच्छ पाण्यात भिजवून, जवळजवळ कोरडा करून वडीवर सात-आठ वेळा घोळवायचा आणि पापण्यांवर मुळाकडून टोकाकडे न्यायचा. पहिला हात वाळू दिला आणि मग दुसरा दिला तर दाटपणा येतो. ब्रश जास्त ओला राहिला की रंग पापणीखाली उतरतो. बहुतेकांचा वडीवरचा राग याच एका चुकीमुळे असतो. वापर झाल्यावर डबी उघडी ठेवून वडी पूर्ण वाळू द्यावी. पावसात किंवा अश्रूंपुढे ती टिकणार नाही हे मात्र मान्य करूनच ती घ्यावी.

आता रिफिल. हा शब्द ऐकला की बरं वाटतं, पण गणित करून पाहावं. कायर वाइस ही मेकअपची कंपनी धातूच्या डब्या देते, झाओ ही दुसरी कंपनी बांबूचं वेष्टन, आणि दोघींचेही रंग नंतर सुटे घेता येतात. पद्धत चांगली आहे, पण डबी जितकी जड तितकी ती जास्त वेळा भरली गेली पाहिजे. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला साधारण चौदा-पंधरा युनिट वीज लागते. तेच जुनं वितळवून केलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणून एकदाच वापरून सोडून दिलेली धातूची सुंदर डबी ही हलक्या प्लास्टिकच्या डबीपेक्षा वाईट ठरू शकते. घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. रिफिल स्वतः कशात येतं? प्लास्टिकच्या कपात, वर प्लास्टिकचं झाकण, भोवती फुगे-फुगे असलेलं वेष्टन असेल तर वाचलं ते फक्त बाहेरचं कवच. तीच छटा दोन वर्षांनी मिळेल का? आणि नवी थाळी दुसऱ्या उत्पादकाच्या डबीत बसते का? गोल, प्रमाणित मापाची थाळी कुठेही बसते. फुलाच्या किंवा पानाच्या आकाराची थाळी तुम्हाला एकाच दुकानाला बांधून ठेवते.

बांबूबद्दल दोन शब्द. बाहेरून बांबू दिसला तरी आत रंग धरणारी वाटी बहुधा प्लास्टिकचीच असते, आणि दोन्ही डिंकाने जोडलेले. अशी डबी ना मातीत जाते ना रिसायकलला. न्हाणीघरातल्या दमटपणाने बांबू फुगतो, टोपण घट्ट होतं किंवा चिरतं. ती कोरड्या जागीच ठेवावी. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक ‘कंपोस्ट होतं’ असं लिहिलेलं असतं. त्याला साधारण ५८ ते ६० अंश तापमान आठवडेच्या आठवडे टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. घरच्या कुंडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ‘वनस्पतिजन्य’ आणि ‘विघटनशील’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत: उसापासून केलेलं पॉलिएथिलीन हे शेवटी पॉलिएथिलीनच. काच पुन्हापुन्हा वितळवता येते, पण जड असते आणि तिची भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावी लागते. म्हणून काचेची बरणी घेतली तर ती पुढे भरून वापरावी.

घरी करता येण्यासारखं फारच थोडं आहे, आणि त्यात ओठ-गालांचा मेणाचा रंग पहिला. वीस ग्रॅमचं प्रमाण असं: एरंडेल तेल ९ ग्रॅम, जोजोबा तेल ३.४ ग्रॅम, शिया बटर १.५ ग्रॅम, मधमाशीचं मेण ३ ग्रॅम, कँडेलिला (एका झुडपाचं) मेण १ ग्रॅम, लाल आयर्न ऑक्साइड २ ग्रॅम, ई जीवनसत्त्वाचं तेल ०.१ ग्रॅम. चमच्याने मोजू नये, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आयर्न ऑक्साइड सौंदर्यप्रसाधनांसाठीच बनवलेलं घ्यावं, कारण चित्रकलेच्या किंवा बांधकामाच्या रंगद्रव्यात शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे रंग घोटणं. दोन ग्रॅम रंगात चारएक ग्रॅम एरंडेल घालून खलात दहा मिनिटं घोटावं. काचेवर थेंब पसरून उजेडात धरावा. ठिपके दिसले तर अजून घोटावं. इथे घाई केली की ओठांवर रेघा उमटतात, आणि मग कितीही ढवळलं तरी उपयोग नसतो. गरम पाण्यात वाटी ठेवून दोन्ही मेणं आणि उरलेली तेलं ८० अंशांपर्यंत तापवावीत. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कँडेलिलाला सत्तरच्या आसपास लागतात. सगळं पारदर्शक झालं की घोटलेला रंग घालावा, आच काढून शिया घालावं, शेवटी ई जीवनसत्त्व. रंग तळाशी बसतो, म्हणून ओतेपर्यंत ढवळत राहावं. सत्तर अंशांच्या आसपास कोरड्या डबीत ओतावं. जास्त थंड ओतलं तर थरांच्या रेषा पडतात.

दोन आठवड्यांनी रवा लागू लागला तर शिया बटर सावकाश थंड झालं. पुन्हा वितळवून, ओतल्यावर लगेच दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावं. उन्हाळ्यात वर तेलाचे थेंब आले तर मेण तेलाला धरून ठेवायला कमी पडलं. पुढच्या वेळी कँडेलिला अर्धा ग्रॅम वाढवावं आणि जोजोबा तेवढंच कमी करावं. कागदी नळीसाठी दोन्ही मेणं मिळून ५ ग्रॅम करावीत. पहिला वापर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहून मगच. यात पाणी नसल्याने प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओलं बोट बुडवलं तर पाणी आपणच आत नेतो. ई जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. या दोन कामांची गल्लत फार होते. बिटाची पूड तेलात विरघळत नाही, नुसती तळाशी बसते. दालचिनी गालांना झोंबते. आणि पातळ फाउंडेशन, मस्कारा, सनस्क्रीन या तीन गोष्टी घरी करूच नयेत. पहिल्या दोघांत पाणी आणि जंतूंचा प्रश्न आहे. सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्वचा भाजल्यावरच कळतं.

मेकअप उतरवण्याचे ओले वाइप्स दिसायला कागदासारखे असतात, पण त्यांत बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे असतात. ‘नुसत्या पाण्याने मेकअप काढतं’ असं सांगणारं मऊ, लोकरीसारखं कापडही बहुधा पॉलिएस्टरचंच, आणि प्रत्येक धुण्यात ते बारीक धागे सोडतं. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्याचे दहा सेंटिमीटरचे दुपदरी चौकोन सुती दोऱ्याने शिवावेत. बारा-पंधरा असले की आठवडा निघतो. आधी कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळून रंग सैल करावा, मग ओल्या कापडाने पुसावा. कापडावरचा मेणाचा डाग निघत नाही ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण डाग आधी पाण्यात भिजवलेला असतो. कोरड्या डागावरच साबणाची वडी घासावी, दहा मिनिटं थांबावं, मग गरम पाण्यात धुवावं. कापड मऊ करणारं द्रव्य वापरू नये, त्याच्या लेपाने कापड पाणी शोषेनासं होतं.

ब्रश आहेत तेच वर्षानुवर्षं टिकवावेत. धुताना केस खाली ठेवावेत आणि पाणी धातूच्या पट्टीत चढू देऊ नये. पट्टीतला डिंक सुटला की केस गळतात आणि चांगला ब्रश फुकट जातो. वाळवताना आडवा, कडेवरून केस बाहेर आलेले.

आणि हे सगळं करण्याआधी कपाटातलं मोजावं. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ च्या अभ्यासात लिपस्टिकचा सरासरी वापर दिवसाला २४ मिलिग्रॅम धरला होता. त्या हिशेबाने साडेतीन ग्रॅमची एक कांडी रोज वापरूनही जवळजवळ पाच महिने पुरते. सहा कांड्या म्हणजे जवळपास अडीच वर्षं. डबीवरच्या उघड्या बरणीच्या चित्रात १२ किंवा २४ आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू चांगली राहते. लिपस्टिक उघडली त्या महिन्याची चिठ्ठी तळाला चिकटवली की एका वेळी किती उघड्या ठेवायच्या याचा अंदाज येतो.

कांडी कडेला टेकली की ती संपली असं वाटतं, पण वाटीच्या आत बराच रंग रोवलेला असतो. वरच्या भागावर अल्कोहोलचा हात फिरवून तो वाळू द्यावा, लाकडी काडीने आतला रंग कोरून काढावा, तीन-चार कांड्यांचा एकत्र करून गरम पाण्यातल्या वाटीत वितळवावा आणि टिनच्या डबीत ओतावा. छटा जुळणाऱ्या असाव्यात. लालात तपकिरी चालते, गुलाबीत केशरी मळकट दिसते. वास बदललेला असेल तर मात्र हा खटाटोप करू नये. रिकामी नळी गरम साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की डिंक सैल होतो आणि धातूचं कवच पुष्कळदा ओढून काढता येतं. ॲल्युमिनियमच्या थाळ्या आणि कवचं ॲल्युमिनियमच्या एका रिकाम्या कॅनमध्ये साठवावीत, लोखंडी थाळ्या पत्र्याच्या डब्यात. चुंबक लावून कोणतं काय ते ओळखावं. डबा अर्ध्याहून जास्त भरला की त्याचं तोंड पक्कडीने दाबून बंद करावं आणि मगच धातूच्या कचऱ्यात द्यावा. सुटी थाळी चाळणीतून खाली पडली असती; डब्यात बंद केलेली पार जाते.